पेपराची घडी घालणारा शेजारी

एक मुलगी जीव खाऊन पळतेय. मागे टगी पोरं लागलीयत, त्यांच्या हाती सापडली तर काय होईल ते तिलाही माहितीय आणि वाचणाऱ्यालाही. समोर ओळखीचा शेजारी पेपर घेऊन बसलाय. तो उठतो, तिच्याकडे बघतो, पेपराची घडी घालतो आणि घरात निघून जातो. बस्स, एवढंच.

स्टीफन किंगच्या 'इट'मधला प्रसंग आहे हा. १९८६ सालची कादंबरी, हजाराच्या वर पानं. ज्यांनी पुस्तकाला हात लावलेला नाही त्यांनाही त्यातला गटारातून बोलणारा विदूषक माहिती असतो, सिनेमे आले, मीम आली. पण मला विचाराल तर त्या अख्ख्या ठोकळ्यात माझी सगळ्यात जास्त टरकली ती या पेपरवाल्यापुढं. विदूषकाचं काय, तो राक्षसच आहे, पोरं खाणं हा त्याचा धंदाच. हा माणूस मात्र त्या पोरीला रोज शाळेत जाताना बघत असणार, तिच्या बापाला नावानं हाक मारत असणार, आणि तरी घडी घातली. बरं चुरगाळून फेकला नाही पेपर, घाबरून पळालापण नाही, नीट घडी घातली, संध्याकाळी उरलेला वाचायचा असेल ना.

ते पुस्तक मी फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेलं, मागचं कव्हर गायब, आणि महिनाभर भांडुप ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये वाचत होतो, एक हात वरच्या कडीत आणि दुसऱ्या हातात ती वीट, शेजारचे लोक वैतागायचे. हा प्रसंग वाचला तेव्हा गाडी कुर्ल्याला उभी होती हे अजून आठवतं, कारण मला एकदम आमच्या जुन्या चाळीतले टीव्ही आठवले.

भांडुपच्या आधी आम्ही लालबागला राहायचो. दहा बाय बाराची खोली, भिंत म्हणजे नावाला. पलीकडच्या खोलीतला माणूस प्यायचा आणि बायकोला मारायचा, महिन्यातनं दोनदा तरी. आवाज सुरू झाला की आई उठायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. मग तिकडच्या खोलीत वाढायचा, मग त्याच्या पुढच्या. तेव्हा सगळ्यांकडे दूरदर्शनच, त्यामुळे एकाच सिरियलचा एकच डायलॉग सात खोल्यांतनं एकदम यायचा आणि मधल्या जाहिरातीत एक-दोन सेकंद सगळं शांत झालं की ते ऐकू यायचंच. दुसऱ्या दिवशी ती बाई नळावर आली की बाकीच्या बायका काही न बोलता तिला हंडा आधी भरू द्यायच्या. आमची माणुसकी तेवढीच होती.

माझ्या आईला मी इथं आरोपी करत नाहीये. तिनं काय करायला हवं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण छोट्या गावातली भयकादंबरी आपल्याला का खेचते, इतकी भीती वाटूनही आपण परत परत तिच्याकडे का जातो, याचं उत्तर मला त्या वाढत जाणाऱ्या आवाजात सापडतं. शहरात कुणी पेपराची घडी घातली तर निदान तो म्हणू शकतो की मी ओळखत नव्हतो बुवा. गावात आणि चाळीत ती सोय नाही. तिथं सगळ्यांना सगळं माहिती असतं आणि तरीसुद्धा रात्र होते, सकाळ होते, दूधवाला येतो.

आता वादाच्या मुद्द्याला येतो. आपल्याकडे भुताखेताचं काही आलं की दोन बाजूंनी दगड येतात. एक, साहित्यवाले, की हे असलं टाइमपास वाचन, प्रवासात चघळायला बरं, यात काय एवढं. आणि दुसरे, जास्त गंभीर, की यानं अंधश्रद्धा पसरते. २०१६ ला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, आकेरीच्या वाड्यात शूटिंग, तेव्हा कोकणाची बदनामी चाललीय, मालिका बंद करा अशी ओरड झालेली आठवत असेल. आमच्या गावच्या ग्रुपवर तर आठ दिवस दुसरा विषय नव्हता, आणि गंमत म्हणजे बंद करा म्हणणारे सगळे साडेदहाला टीव्हीसमोर.

साहित्यवाल्यांचं सोडा, त्यांना विनोदी लेखन पण साहित्य वाटायला बराच वेळ लागला होता. दुसरा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात गोळ्या घातल्या, तिथं 'अहो गोष्टच तर आहे' म्हणून मोकळं होता येत नाही. पण माझं म्हणणं आहे की खरोखर झोप उडवणारी जी गावातली भयकादंबरी असते ती अंधश्रद्धेच्या बाजूला नसतेच. ती गावाला साक्षीला उभं करते. कसं ते जरा सांगतो, थोडं लांबण लागेल.

किंगचीच आधीची 'सेलम्स लॉट' घ्या, १९७५ ची. ती सुचली त्याचा किस्सा त्यानंच सांगितलाय. तो तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्यात शाळेत शिकवायचा, वर्गात 'ड्रॅक्युला' चाललेलं, आणि एकदा जेवताना विषय निघाला की हा ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल. किंग म्हणाला, न्यूयॉर्कला उतरेल आणि टॅक्सीखाली येऊन मरेल. सगळे हसले. बायकोनं विचारलं, आणि तो आपल्या इकडं आला तर? मेनमध्ये, खेड्यात?

आता हाच पाहुणा दादरला उतरलाय असं समजा. संध्याकाळचे साडेसहा. काळा झगा सावरत पुलावर उभा राहिला तर 'ओ काका, साइडला' करत पब्लिक त्याला फुलबाजारापर्यंत नेऊन सोडणार, दातबित दाखवायला हात-मान हलवायला जागा तर पाहिजे. कुठल्या बिल्डिंगमध्ये शिरायचं तर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर लिहायला लावणार. त्यावर सेफ्टी डोअर. आणि व्हॅम्पायरचा नियम असा आहे की घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. मुंबईत कोण बोलावतंय? इथं सख्खा मामा पण फोन केल्याशिवाय येत नाही. याउलट आमच्याकडचं घोषवाक्यच आहे, 'येवा, कोकण आपलाच आसा'. त्याला अजून काय पाहिजे.

हा पीजे वाटेल पण मुद्दा त्यातच आहे, कारण 'सेलम्स लॉट'मध्ये ते भूत गावात नेमकं कसं शिरतं ते बघा. मंतरलेलं लिंबू नाही, अमावास्या नाही, जमिनीच्या व्यवहारातून शिरतं. गावातला इस्टेट एजंट टेकडीवरचं ते बदनाम घर एका परक्या माणसाला एका डॉलरला विकतो, बदल्यात त्याला दुसरीकडची सोन्यासारखी जमीन मिळते, आणि अट एकच की तोंड बंद ठेवायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. एजंट काही दुष्ट बिष्ट नाही, आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडसमोर टपरीवर बसून कुणाच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत आणि कोण बहीण सही द्यायला तयार नाही हे ज्याला पाठ असतं ना, तसाच. त्याला वास येतो की काहीतरी गडबड आहे. तो विचारत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला एकदम वाटलं की हा माणूस मेनचा नाही, हा आमच्या हायवेवरचा आहे.

आणि अशी कादंबरी सुरुवातीला कंटाळवाणी असते, असलीच पाहिजे. 'सेलम्स लॉट'मध्ये एक अख्खं प्रकरण पहाटे चारला सुरू होतं, गोठ्यात धारा काढणाऱ्या दोन पोरांपासून, आणि घड्याळाच्या वेळा टाकत टाकत घराघरातनं फिरवत रात्री बारापर्यंत आणून सोडतं. यात एक कोवळी, वैतागलेली आई आहे, ती आपल्या तान्ह्या बाळाला बुक्की मारते. व्हॅम्पायरला अजून अवकाश आहे. बरेच जण इथं पुस्तक टाकून देतात, कधी भूत येणार म्हणून, मीपण पहिल्यांदा टाकलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की लेखक आपल्याला त्या गावाचं रेशनकार्ड काढून देतोय. कोण कुणाचं देणं लागतो, कुणाची बायको कुणाबरोबर, पोस्टमन कुठं जास्त वेळ थांबतो, हे सगळं आपल्याला माहिती होतं, म्हणजे आपण पण 'सगळ्यांना माहिती आहे'मधले एक होतो. मग जेव्हा एकेक घर काळोखात जायला लागतं तेव्हा आपली जी अवस्था होते ती सिनेमात दचकल्यासारखी नसते. सिनेमातलं दचकणं पॉपकॉर्न संपायच्या आत संपतं. इथं आपल्याला आधीपासून ठाऊक होतं आणि आपण पानं उलटत होतो.

कुणी म्हणेल हे सगळं अमेरिकेतलं, आपल्या गावात माणसं एकमेकांना धरून असतात. असतात ना. इतकी धरून असतात की एकाला सोडायचं ठरलं तर सगळी एकदम सोडतात. वाळीत टाकणं हा शब्द आपण कुठून आयात केलेला नाही. वाळीत टाकलेल्या घराला वाणी सामान देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, लग्नाचं आवतण नाही, मयताला चौथा खांदा मिळत नाही, आणि चुकून कुणी त्या घरच्या पोराशी बोललं तर बोलणाऱ्याला दंड. रायगड जिल्ह्यातनं अशा इतक्या तक्रारी यायला लागल्या की शेवटी २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, तो २०१७ पासून लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जरा थांबून बघा याच्याकडे. अख्ख्या गावानं ठरवून एका घराशी न बोलणं हा गुन्हा आहे असं सरकारला कागदावर लिहावं लागलं. यापेक्षा भयानक कथानक कुठला लेखक सुचवेल? भूत निदान समोर तरी येतं. इथं तुम्ही समोर उभे असता आणि तुम्हीच कुणाला दिसत नाही, मेलेल्या माणसासारखे.

आता माझ्या गावची विहीर.

कुडाळच्या पुढं आमचं गाव, वाडीत बावीस घरं, त्यातली बरीच आता गणपतीपुरती उघडतात. लहानपणी मे महिन्यात गेलो की पहिली ताकीद मिळायची ती खालच्या विहिरीची. दुपारच्याला तिकडं जायचं नाही, आसरा आहेत, म्हणजे पाण्यातल्या भूतबाया, पोरांना ओढतात. आम्ही पोरं काठावर जाऊन वाकून बघायचो, पाणी एकदम काळं, वर आंब्याची पानं, आणि कुणीतरी 'आली आली' ओरडलं की चपला टाकून पळायचो. मी ती गोष्ट मुंबईत मित्रांना कितीदा सांगितली असेल, दर वेळी नवा मसाला घालून, कारण मुंबईत ज्याला गाव आहे त्याला निदान एक भूत तरी पाळावंच लागतं, नाहीतर कसला गाववाला.

मग सात-आठ वर्षांपूर्वी घराच्या कागदपत्रांसाठी चार दिवस गेलो होतो, पावसाचे दिवस, लाइट गेलेली, काकी आणि मी पडवीत बसलेलो. सहज विचारलं की काकी, खालच्या विहिरीवर आसरा कधीपासून आहेत. तिनं पान लावत असलेला हात थांबवला. म्हणाली, "गप रव रे झिला." मी गप्प बसलो नाही. मग हळूहळू निघालं. विहिरीच्या वरच्या अंगाला जे घर, त्या घरातली मुलगी नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी आलेली. भाऊ जमीन विकायला निघालेले, तिला हक्कसोडपत्रावर सही कर म्हणत होते, ती करत नव्हती. एके सकाळी विहिरीत मिळाली. पोलीस आले, वाडीतल्या प्रत्येक घरानं एकच वाक्य सांगितलं, पाय घसरला. पुढच्या वर्षीपासून विहिरीवर आसरा.

तिचं नेमकं काय झालं ते मला माहिती नाही, खरंच घसरला पण असेल पाय. मी विचारलं, काकी, कुणालाच काही वाटलं नाही? काकी म्हणाली, "सगळ्यांका म्हायत होता. बोलतलो कोण? मी तेवां नवी व्हकल होतंय." व्हकल म्हणजे नवी नवरी.

मला त्या रात्री आसऱ्यांची भीती कायमची गेली आणि वाडीची बसली. मी लहानपणापासून जी भुताची गोष्ट मजेत सांगत होतो ती भुताची नव्हतीच, ती वाडीनं दिलेली जबानी होती, आणि मी ती मुंबईच्या पोरांपर्यंत पोचवत होतो, वर मसाला लावून. आसरा आल्या म्हणजे आता कुणी त्या पाण्यात वाकून बघणार नाही. पोरंही नाहीत. किती सोयीचं.

म्हणून मला वाटतं की अंधश्रद्धा आणि भयकादंबरी यांना एका पोत्यात घालणं चुकतं. गावातली भुताची वदंता बऱ्याचदा झाकायला तयार होते. चांगली भयकादंबरी तीच वदंता हातात घेते आणि उलटतपासणी करते, ही विहीर कधीपासून, त्याच्या आदल्या वर्षी काय झालं, तेव्हा पडवीत कोण कोण बसलं होतं. 'इट'मध्ये पण गावाचा सगळा इतिहास असाच उपसलाय, दर सत्तावीसेक वर्षांनी पोरं गायब होतात, काहीतरी भयंकर घडतं आणि गाव ते पचवून ढेकर देतं. विदूषक त्या गावात टिकला कारण गावाला तो चालत होता.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. आपल्याकडच्या भयकथांचा मोठा ढीग असा आहे की जो मलापण चुलीत घालावासा वाटतो. त्यात चेटकीण कोण असते? एकटी राहणारी म्हातारी. बाहेरची बाधा कुणाला होते? नव्या सुनेला, तीही जरा उलट बोलणारी असेल तर नक्की. डोंगरापलीकडचा कातकरी किंवा ठाकर असेल तर तो करणी करणार. आणि शेवटी मांत्रिक नाहीतर बुवा येऊन सगळं ठीक करणार. ज्या बायकांना खऱ्या गावांत डाकीण ठरवून मारहाण होते त्याच बायका या गोष्टींत भूत म्हणून येतात, म्हणजे मार त्यांनीच खायचा आणि बदनामी पण त्यांचीच. अशा लेखनावर अंधश्रद्धा निर्मूलनवाले चिडत असतील तर मी त्यांच्या बाजूनं. माझी साधी चाचणी आहे. भूत गेल्यावर गाव परत पहिल्यासारखं चांगलं होतं का? होत असेल तर ते पुस्तक गावाची वकिली करतंय, रद्दीत द्या. भूत गेलं तरी गावाकडे बघवत नाही असं होत असेल तर ते पुस्तक ठेवा.

आणि जादूटोणाविरोधी कायदा, जो दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम म्हणून आला आणि २०१३ च्या डिसेंबरात विधिमंडळात पास झाला, तो तरी काय पकडतो? भूत असतं असं मनात मानणाऱ्याला पकडत नाही. भूत उतरवतो म्हणून माणसाला साखळीनं बांधणाऱ्याला, चटके देणाऱ्याला, अमुक बाई करणी करते म्हणून तिचं जगणं मुश्कील करणाऱ्याला पकडतो. कायद्याची नजर माणसावर आहे. बरोबर तिथंच चांगल्या भयलेखकाची असते. या दोघांचं भांडण लावून आपण नेमकं कुणाला मोकळं सोडतोय?

अजून एक गोष्ट, आणि ही खास मुंबईकरांसाठी. 'इट'मध्ये जी पोरं मोठी होऊन गाव सोडून गेली ती सगळी यशस्वी होतात, पैसेवाली होतात, आणि लहानपणी काय घडलं ते साफ विसरतात. विसरल्याचं नाटक नाही, खरोखर विसरतात. एकच जण गावात राहिला, लायब्ररीत नोकरी करतो, पगार बेताचा, आणि फक्त त्यालाच सगळं आठवतंय. तोच एकेकाला फोन करतो की परत या, सुरू झालंय. चाकरमानी माणसानं हे वाचावं आणि गप्प बसून दाखवावं. आमचे आजोबा गिरणीत आले, वडील गिरणीत लागले, १९८२ च्या संपात अडीच लाख कामगारांबरोबर तेही घरी बसले, मग लालबागची खोली गेली आणि आम्ही भांडुपला आलो, आणि या सगळ्यात गाव म्हणजे काय उरलं तर गणपतीची कन्फर्म तिकिटं, काजू, कोकम आणि भुतांच्या गोष्टी. भांडणं, वाटण्या, विहिरी, ते सगळं तिथं राहिलेल्यांनी सांभाळायचं. आपण तिथून निसटलो आणि गाव 'किती शांत रे' म्हणून रील टाकायला मोकळे झालो. रात्री फोन वाजला आणि स्क्रीनवर गावचा नंबर दिसला की उचलायच्या आधी पोटात जो गोळा येतो ना, तो बहुतेक सगळ्या भयकादंबऱ्यांपेक्षा सरस असतो.

रीलवरून आठवलं, हल्लीचं कोकण-हॉरर. धुकं, कंदील, पिंपळ, घुंगरांचा आवाज, बॅकग्राउंडला 'ऊऊ'. दिसतं छान, पण भीती वाटत नाही कारण त्यात गावच नाही, नुसतं लोकेशन आहे. नारायण धारपांनी 'सेलम्स लॉट' मराठीत 'लुचाई' म्हणून आणली, 'इट'वरून 'शपथ' लिहिली, आणि माझ्यासारख्या कितीतरी पोरांनी किंगचं नाव ऐकायच्या आधी ती भीती मराठीत भोगली, दोरा सुटलेल्या, पिवळ्या पडलेल्या लायब्ररीच्या कॉपीत, जिच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेननं 'रात्री वाचू नये' लिहून ठेवलेलं असायचं. रत्नाकर मतकरींकडे भीती बहुतेक वेळा घरातल्याच माणसाच्या डोळ्यांतून बघायची. हे दोघं गेले, २००८ आणि २०२०, आणि त्यांच्या पुस्तकांना अजून मागणी आहे, पण मला हवी ती कादंबरी अजून मिळालेली नाही.

मला आजच्या तालुक्याची कादंबरी हवीय. स्टँडसमोर 'भावी नगरसेवक' लिहिलेला फ्लेक्स, बुडीत पतसंस्था, तिचे संचालक आणि ठेवीदार एकाच देवळात एकाच आरतीला, चौपदरी झालेला हायवे आणि त्यात जागा गेलेल्यांचे पैसे, चार भावांत एकानंच खाल्लेले, दहावीला पहिली आलेली आणि मग अचानक दिसेनाशी झालेली मुलगी, जिच्याबद्दल 'पुण्याला मावशीकडे आहे' असं सगळे एकाच सुरात सांगतात. भूत यात कुठूनही येऊ दे, मला घाई नाही, दोनशे पानं थांबायची तयारी आहे. फक्त ते आल्यावर गावातल्या लोकांना आश्चर्य वाटता कामा नये.

गेल्या गणपतीत 'इट' परत वाचायला घेतलं, तीच बिनकव्हरची कॉपी, आता दोरीनं बांधलेली. आरती झाली, पोरं फटाके वाजवायला गेली, काकी माझ्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली एवढं जाडं पुस्तक, काय आहे त्यात. मी विदूषकाचं सांगितलं, तिला काही विशेष वाटलं नाही, असतात म्हणाली. मग मी तिला त्या पळणाऱ्या मुलीचं सांगितलं, समोरच्या माणसाचं, पेपराच्या घडीचं. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मला वाटलं विषय संपला.

मग वर न बघता तिनं विचारलं, "आणि तेची बायल? ती घरातच होती मां?"